एएएसाठी बाहेरची एजन्सी की शेजारची कॉलेजं?

जून उजाडला की आमच्या जिल्ह्यातल्या आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयकांचे एकमेकांना फोन सुरू होतात. प्रवेशाची गडबड चालू असते, नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला, दरवर्षी पाठवायच्या एक्यूएआर अहवालाचं काहीतरी राहिलेलं असतं आणि त्यात हा प्रश्न येतोच, "सर, यंदा एएए कुणाकडून करताय?" एएए म्हणजे कॉलेजच्या शैक्षणिक आणि प्रशासकीय कामाचं ऑडिट. विचारणाऱ्याच्या टेबलावर बहुतेक वेळा एखाद्या एजन्सीचं कोटेशन पडलेलं असतं. दुसरीकडं शेजारच्या तालुक्यातले एखादे समन्वयक म्हणत असतात, कशाला पैसे घालवता, आपणच एकमेकांचं करू की.

आम्ही दोन्ही करून बघितलंय. आमचं कॉलेज सोलापूर शहरातलं, अनुदानित, कला-वाणिज्य-विज्ञान तिन्ही असलेलं. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर माझं मत तेवढ्या हिशेबानंच घ्या. नॅकचे सात निकष कोणते आणि एएए कशाशी खातात हे इथं सांगत बसत नाही. ज्यांच्यापुढं ही निवड आहे त्यांना ते झोपेत विचारलं तरी सांगता येतं.

कागदावरचा भाग आधी उरकतो. नॅकच्या सहाव्या निकषात गुणवत्ता हमीच्या उपक्रमांचा जो मापदंड आहे, त्यात एएए आणि त्यावरची पुढची कार्यवाही हा एक मुद्दा, आणि इतर संस्थांबरोबरचे सहकार्याचे गुणवत्ता उपक्रम हा दुसरा. एजन्सी बोलावली तर पहिला मुद्दा होतो. शेजारच्या कॉलेजांबरोबर रीतसर करार करून केलं तर एका दगडात दोन्ही पक्षी पडतात. काही एजन्सी याच्याबरोबर आयएसओचं प्रमाणपत्रही गळ्यात मारायला बघतात. आयएसओ वाईट नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे. तीन वर्षांची मुदत, मधे दरवर्षी देखरेखीचं ऑडिट आणि त्याचा वेगळा खर्च. एएएच्या बिलात ते मिसळू देऊ नका, एवढंच म्हणतो.

पैशाचंही थोडक्यात. एजन्सीचं बिल, त्यावर १८ टक्के जीएसटी, वर पुण्याहून येण्याजाण्याचा आणि मुक्कामाचा खर्च. शेजाऱ्यांना प्रवासभत्ता आणि संस्थेच्या नियमात बसेल तेवढं मानधन. वेतनेतर अनुदानाची अवस्था सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळं हा फरक छोटा नाही. तरी खरं सांगायचं तर आमचा निर्णय पैशावर झाला नाही.

एजन्सीच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. एकदा तारीख ठरली की माणसं त्या दिवशी सकाळी दारात हजर असतात. अहवाल वेळेत येतो, बांधीव येतो, रंगीत आलेख असतात. डीव्हीव्हीमध्ये, म्हणजे नॅकच्या माहिती पडताळणीत, कुठल्या पुराव्यावर शंका निघते, कुठं स्वाक्षरी लागते आणि कुठं नुसता फोटो चालत नाही, हे त्यांना पाठ असतं, कारण त्यांनी आमच्यासारखी कितीतरी कॉलेजं पालथी घातलेली असतात. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे संस्थाचालक त्यांचं ऐकतात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. मुलींच्या कॉमन रूमचा, रॅम्पचा, प्रयोगशाळेतल्या अग्निशामक सिलिंडरचा विषय मी आयक्यूएसीच्या इतिवृत्तात वर्षानुवर्षं लिहीत होतो. तेच वाक्य बाहेरून आलेल्या माणसानं समारोपाच्या बैठकीत इंग्रजीत म्हटलं आणि पुढच्या कार्यकारिणीत मंजूर झालं. वाईट वाटलं, पण काम झालं. एवढ्यासाठी एखादं वर्ष एजन्सीला द्यायला माझी हरकत नाही.

मला खटकलं ते दुसरंच.

करार झाला की दोन दिवसांत ईमेलवर एक एक्सेल येते. तिच्यात निकषागणिक एक शीट आणि प्रत्येक शीटला आडवे इतके रकाने की स्क्रीन सरकवता सरकवता पहिला रकाना काय होता ते विसरायला होतं. पहिलं शीट प्राध्यापकांचं: नाव, पद, पात्रता, पीएचडीचं वर्ष, नियुक्तीचा दिनांक, पॅन. ही सगळी माहिती आमच्याकडं आहे. एक्यूएआरच्या टेम्प्लेटमध्ये आहे, एआयएसएचई या उच्च शिक्षणाच्या सर्वेक्षणाला भरलेली आहे, एनआयआरएफ या क्रमवारीला भरलेली आहे, संलग्नीकरणाच्या प्रस्तावाला जोडलेली आहे, सहसंचालक कार्यालयात तर वेतनासाठी जातच असते. पण प्रत्येकाच्या रकान्यांचा क्रम निराळा. एआयएसएचईला ठरावीक तारखेची स्थिती लागते, एनआयआरएफला खर्च आर्थिक वर्षाप्रमाणे लागतो, एक्यूएआरला शैक्षणिक वर्ष. एजन्सीनं चौथाच प्रकार काढलेला असतो. तिला हवं कॅलेंडर वर्ष, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरला ते सोपं जातं.

ही एक्सेल मी विभागप्रमुखांना पाठवली त्या दिवशी वनस्पतिशास्त्राचे सर स्टाफरूममध्ये गाठ पडले.

"सर, हे मागच्याच आठवड्यात दिलं होतं की."

"ते नॅकसाठी होतं, सर."

"मग हे?"

"हे नॅकच्या तयारीसाठी."

ते काही बोलले नाहीत. चहा मात्र अर्धाच ठेवून उठले. आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी तर सरळ विचारलं, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासू का हे भरू? त्यांचं काही चूक नव्हतं. ऐन सप्टेंबरात महाडीबीटीची कामं अंगावर असताना शिष्यवृत्तीधारकांची जातनिहाय संख्या पाचव्यांदा वेगळ्या तक्त्यात कुणी भरायची?

बरं, भरून प्रश्न मिटतो असंही नाही. शैक्षणिक वर्षाची माहिती कॅलेंडर वर्षात ओतताना आकडे हलतात. एक शोधनिबंध इकडचा तिकडं जातो, एक कार्यशाळा दोनदा येते. मग ऑडिटच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत चर्चा कशावर, तर एक्यूएआरमधला आकडा आणि एक्सेलमधला आकडा का जुळत नाही. अहवाल आला तेव्हा मी पेन्सिल घेऊन बसलो आणि निरीक्षणांपुढं खुणा करत गेलो. निम्म्याहून जास्त निरीक्षणं त्या एक्सेलनंच जन्माला घातलेली होती. वर्गात काय चालतं, निकाल का घसरला, मुलं दुसऱ्या वर्षाला का गळतात, यावर एक परिच्छेद होता, आणि तो कुठल्याही कॉलेजला चालला असता. एजन्सी बदलून बघितली तर एक्सेल बदलली, इतकंच.

कदाचित चांगल्या एजन्सीही असतील. ओळखीच्या एका मॅडमना बराच चांगला अनुभव आला म्हणतात. मी माझ्यापुरतं सांगतोय.

शेजाऱ्यांबरोबर बसलो तेव्हा सगळ्यात आधी आम्ही एकच नियम लिहून काढला. नॅकसाठी जे एकदा भरलंय ते पुन्हा कुठल्याही तक्त्यात मागायचं नाही. पाहुण्या टीमनं भरलेला एक्यूएआर वाचून यायचं, त्यातल्या हव्या त्या नोंदी आयत्या वेळी निवडायच्या आणि त्यामागची मूळ कागदं बघायला मागायची. बस. कुणाला काही नवीन भरावं लागत नाही, त्यामुळं कुणी कपाळाला आठ्या घालून बसत नाही. आणि कुठली नोंद निघेल हे माहीत नसल्यामुळं सजवून ठेवायलाही वाव नाही.

यातून काय हाती लागतं याचा एक नमुना सांगतो. तालुक्याच्या गावच्या कॉलेजमधल्या एक समन्वयक मॅडम आमच्या ग्रंथालयात गेल्या. एक्यूएआरमध्ये ग्रंथालयाच्या दैनंदिन वापराचा आकडा आम्ही दिला होता, पुराव्याला नोंदवहीच्या पानांची स्कॅन प्रत जोडली होती. कुठल्याही एजन्सीनं आणि बहुधा डीव्हीव्हीनंही ती मान्य केली असती. मॅडमनी मूळ वही मागवली. दहाला आलेला विद्यार्थी आणि साडेचारला आलेला विद्यार्थी, दोघांचं अक्षर एक. पान उलटलं, तेच अक्षर, तेच निळं बॉलपेन, आणि शनिवारचं पान सोमवारपेक्षा भरगच्च. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडं पण शनिवारी असंच भरून काढायचे." मग त्यांच्याकडं ते कसं बंद केलं तेही सांगितलं. वही काउंटरवरून उचलून दाराशी नेली, नावाऐवजी ओळखपत्राचा क्रमांक लिहायला लावला आणि शिपाई मामांना सांगितलं की रिकामं पान रिकामंच राहू द्या. आम्ही जसंच्या तसं उचललं. पुढच्या एक्यूएआरमध्ये आमचा आकडा कमी झाला. प्राचार्यांना आधी धास्ती वाटली, पण तो आकडा आता कुणीही येऊन मोजला तरी मोजता येतो.

हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही, कारण त्याच्या घरी ती वही नसते. शेजाऱ्याला कुठं बोट ठेवायचं ते नेमकं कळतं. अंतर्गत गुणांच्या याद्यांचं तेच. अख्ख्या वर्गाला जवळजवळ सारखेच गुण पडलेले बघून एजन्सीच्या माणसानं सरासरी काढली आणि 'समाधानकारक' लिहिलं. आमच्याच विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या प्राध्यापकानं ती यादी बघितली तर तो पहिला प्रश्न विचारतो, "प्रश्नपत्रिका दाखवा की." सीओ-पीओच्या, म्हणजे अभ्यासक्रमाची उद्दिष्टं किती साधली त्याच्या, गणिताबद्दल तर मी लिहीतच नाही. उत्तर आधी ठरवून आकडे मागून भरायची ती कला सगळ्यांनाच अवगत आहे आणि म्हणूनच शेजाऱ्यापासून ती लपत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि रास्त आक्षेप आमच्या संस्थेच्या एका ज्येष्ठ सभासदांनीच घेतला. तुम्ही त्यांना चांगलं म्हणणार, ते तुम्हाला चांगलं म्हणणार, म्हणजे अहो रूपम् अहो ध्वनिः. असं कुठं चालतं तरी का, असं त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून थोडं वाचलं, त्यातलं कामाचं तेवढं इथं देतो.

युरोपात हा प्रश्न देशांच्या पातळीवर आला. १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर एका देशाची पदवी दुसऱ्या देशानं मानायची तर तिकडच्या तपासणीवर विश्वास ठेवायला लागणार होता. त्यांनी सगळ्यांसाठी एकच तपासणी यंत्रणा काढली नाही. २००५ साली बर्गनच्या बैठकीत समान मानकं आणि मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, २०१५ला येरेव्हानमध्ये ती सुधारून घेतली. त्यात मूल्यांकन करणाऱ्या संस्थांनाच दर पाच वर्षांनी आपली तपासणी बाहेरच्या समितीकडून करून घ्यायला लावलं. जी यंत्रणा त्या मानकांना उतरेल तिचं नाव २००८ साली सुरू झालेल्या युरोपीय नोंदणीत, म्हणजे ईक्यूएआरमध्ये, येतं. म्हणजे तपासणाऱ्यालाही कुणीतरी तपासतं. विश्वास आंधळा नाही, त्याला मागं एक चक्र आहे. येरेव्हानलाच आणखी एक ठरलं, ते वाचून मला आमची एक्सेल आठवली. दोन-तीन देशांतली विद्यापीठं मिळून एखादा संयुक्त अभ्यासक्रम चालवत असतील तर प्रत्येक देशानं आपापल्या नमुन्यात वेगळी तपासणी करायची नाही, समान निकषांवर एकच तपासणी व्हावी आणि ती बाकीच्यांनी मानावी.

नेदरलँड्स आणि बेल्जियमचा डचभाषक फ्लँडर्स यांचं त्याहून पुढचं. २००३ साली दोघांनी करार करून मूल्यांकनाची एकच संयुक्त संस्था उभी केली, एनव्हीएओ. आजही ती दोन्हीकडचं काम बघते, नियम मात्र दोन्हीकडचे हळूहळू वेगळे होत गेले. आग्नेय आशियातही २००८पासून आसियान देशांचं असंच जाळं आहे. आशिया-प्रशांत भागाचं त्याआधी, २००३मध्ये उभं राहिलं आणि त्यात नॅकचाही सहभाग राहिलेला आहे. हे सगळीकडं सुरळीत चालतं असं मुळीच नाही. युरोपातही बऱ्याच देशांनी परक्या यंत्रणेला अजून दार पूर्ण उघडलेलं नाही. पण 'कुठं चालतं का' याचं उत्तर 'हो, चालतं' असं आहे, एवढं सभासदांना पटलं.

आम्ही त्यातून एक गोष्ट उचलली, ती म्हणजे जोडी करायची नाही. तुम्ही आमचं, आम्ही तुमचं, असं केलं की भिडस्तपणा आलाच. चार कॉलेजं असतील तर पहिल्यानं दुसऱ्याचं बघायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, तिसऱ्यानं चौथ्याचं आणि चौथ्यानं पहिल्याचं. ज्याच्याबद्दल तुम्ही लिहिलं तो तुमच्याकडं येणार नसतो, त्यामुळं हात जरा मोकळा चालतो. दुसरं, नव्या वर्षीच्या टीमनं सुरुवातच मागच्या अहवालातल्या त्रुटींपासून करायची. मागच्या वेळी वही दाराशी न्या म्हटलं होतं, नेली का? हा प्रश्न विचारायला माणूस परत येतो, हाच एजन्सीशी मोठा फरक. एजन्सीचा माणूस पुढच्या वर्षी आला तरी बहुधा दुसराच येतो.

परस्पर तपासणीचे तोटे नाहीत असं भासवायचं नाही. तारखा जुळवणं हा डोक्याला ताप आहे. आमचे एक प्राचार्य तर आलेल्या टीमला चादर, शाल, श्रीफळ दिल्याशिवाय फाईल उघडू देत नसत. सत्कार, मनोगतं, प्रास्ताविक, आभार यात पहिला अर्धा दिवस जायचा. हे शेवटी करारातच लिहावं लागलं: हार-तुरे नाहीत, दुपारचं जेवण कँटीनमध्ये. अहवालही घरचाच वाटतो. आमच्याकडं तर मॅडमनी हातानं मराठीत लिहून दिलेली पानंच खरी कामाची होती, अपलोड करायला इंग्रजी प्रत नंतर तयार झाली. संस्थाचालकांवर अशा पानांचा प्रभाव पडत नाही, हे कबूल करायलाच हवं.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. शहरातली कॉलेजं एकाच मुलांवर डोळा ठेवून असतात. तुकडी भरली नाही की कार्यभार कमी, कार्यभार कमी की अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार. अशात समोरच्या गल्लीतल्या कॉलेजला आपल्या गळतीचे आकडे दाखवायचे आणि जूनमध्ये त्यांनी ते पालकांना सांगायचे, ही भीती काल्पनिक नाही. आमचा उपाय साधा होता. शहरातल्यानं शहरातला शेजारी घ्यायचा नाही. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला या बाजूंना जायचं. आपलं सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं आहे. २००४मध्ये शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं तेव्हा एवढ्या छोट्या विद्यापीठाचं कसं होणार म्हणून नाकं मुरडणारे होते. या कामाला मात्र तो छोटेपणा उपयोगी पडतो. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, परिपत्रकं एक, आणि सकाळी निघून संध्याकाळी घरी. परीक्षेच्या कामात नाहीतरी वर्षभर गाठी पडतच असतात. कोण कामाचं आहे आणि कोण नुसतं सहीपुरतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

मात्र एकच जिल्हा, एकच वर्तुळ, हे जास्त झालं की पुन्हा रूपम्-ध्वनिः सुरू होतं. म्हणून टीममध्ये एक माणूस जिल्ह्याबाहेरचा ठेवावा. लातूर, धाराशिव चालेल. मला विचाराल तर कलबुर्गी किंवा विजयपूर. रेल्वेनं कलबुर्गी काही लांब नाही. नॅक बंगळुरूची आणि साऱ्या देशाची, त्यामुळं निकष तेच, टेम्प्लेट तेच, पण राज्याचे नियम वेगळे, विद्यापीठ वेगळं, आपल्या ओळखीपाळखीचा त्यांना गंध नाही. आमच्याकडं कलबुर्गीचे एक प्राध्यापक आले होते. इतर सगळे प्रयोगशाळेत अडकलेले असताना त्यांनी अक्कलकोटकडून येणाऱ्या मुलांना कन्नडमधून विचारलं, की तास समजतो का. मुलं जे बोलली ते आमच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात कधी आलं नव्हतं, कारण ते सर्वेक्षण आम्ही त्यांच्या घरच्या भाषेत कधी घेतलंच नव्हतं. इतकी वर्षं इथं कन्नड, तेलुगू, उर्दू, मराठी एकाच बाकावर बसते आणि हा प्रश्न सुचायला सीमेपलीकडचा माणूस यावा लागला.

जोडीला यूजीसीच्या परामर्श योजनेचाही विषय निघतो. २०१९ची ती योजना मार्गदर्शक कॉलेजनं पाच संस्थांपर्यंत हात धरून नॅकपर्यंत न्यायची, अशी आहे. ज्यांचं पहिलंच मूल्यांकन व्हायचंय त्यांना तिचा उपयोग आहे. पण तिथं एक शिकवतो आणि दुसरा शिकतो. बरोबरीच्यांनी एकमेकांच्या फाईली उघडणं हे निराळं काम आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

आता नवीन चौकटीच्या नावानं एजन्सीवाल्यांनी जोर धरलाय. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींवरून नॅकनं जानेवारी २०२४मध्ये जाहीर केलं, की श्रेणींऐवजी 'मान्यताप्राप्त' किंवा 'मान्यता नाही' अशी दोनच पर्यायांची, बायनरी पद्धत येणार आणि पुढं एक ते पाच पातळ्या. अंमलबजावणीच्या तारखा पुढं सरकत राहिल्या, पण कोटेशनमध्ये 'बायनरी रेडीनेस ऑडिट' नावाची ओळ लगेच आली. त्या शिफारशी नीट वाचल्या तर त्यात दोन गोष्टी ठळक आहेत. सगळ्या यंत्रणांना माहिती एकदाच द्यायची यासाठी एकच सामायिक माहिती व्यवस्था, आणि संस्थांनी दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवून ती निरनिराळ्या मार्गांनी पडताळायची पद्धत. म्हणजे जायचंय तिकडं रस्ता एकदाच भरण्याचा आणि मूळ कागद खरा ठेवण्याचा आहे. त्याची तयारी म्हणून आणखी एक तक्ता भरायचा, हे मला तरी पटत नाही.

आणि एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलतो. फेब्रुवारी २०२५मध्ये सीबीआयनं नॅकच्या एका पाहणी समितीच्या सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली. प्रकरण आंध्रातलं, आपला संबंध नाही. पण त्यानंतर जो तपासतो त्याला पैसे कोण देतो, हा प्रश्न प्रत्येक संस्थेत विचारला जायला लागला. एजन्सीला पैसे आपण देतो आणि पुढच्या वर्षीही द्यावेत अशी तिची अपेक्षा असते. मी कुणावर आरोप करत नाही. एवढंच म्हणतो की पैसे मोजून घेतलेल्या अहवालात आम्हाला 'समाधानकारक'च्या खालचा शेरा अजून मिळालेला नाही आणि शेजाऱ्यांकडून पहिल्याच वर्षी मिळाला.

मग एजन्सी कुणी घ्यावी? विनाअनुदानित, नवीन, पहिल्या फेरीला सामोरं जाणारं कॉलेज असेल, आयक्यूएसीत एकच माणूस आणि तोही तासिका तत्त्वावरचा असेल, तर घ्या. कागदांची शिस्त लागते. संस्थाचालक कुणाचंच ऐकत नसतील तरी एकदा घ्या. घेताना कोटेशनवर एक अट लिहून घ्या: माहिती एक्यूएआरच्याच टेम्प्लेटमध्ये दिली जाईल, वेगळा तक्ता भरून मिळणार नाही. याला जी एजन्सी तयार होईल ती बाकीच्यांपेक्षा बरी निघण्याची शक्यता आहे. आम्ही विचारलं तेव्हा एक तयार झाली होती, पण तोवर आमचा बार्शी-पंढरपूरकडचा करार होऊन गेला होता.

ज्यांचं दुसरं-तिसरं मूल्यांकन झालंय, फाईली बऱ्यापैकी लागलेल्या आहेत, त्यांनी शेजाऱ्यांकडं जावं असं मला वाटतं. करार करताना फोटोपुरता सामंजस्य करार नको, तारखा आणि टीमच्या माणसांची नावं त्यातच घाला. पंढरपूरकडच्या कॉलेजला आषाढी-कार्तिकीच्या आसपास हात लावू नका, तिथली निम्मी माणसं एनएसएसच्या मुलांबरोबर वारीत असतात. सोलापुरात जानेवारीत गड्डा यात्रेचा आठवडा टाळा. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या स्टोअररूममधल्या जुन्या वह्या काढायला कुणाला सांगणं बरं नाही. म्हणजे उरतो ऑगस्ट-सप्टेंबर आणि मग थेट डिसेंबर. तारखा जूनमध्येच पक्क्या करा, विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक लागलं की कुणीच कुणाच्या हाती लागत नाही.